मानेतली नळी

रत्नमालानं ब्लाउजच्या डाव्या बाहीची शिवण दातानं तोडली आणि उरलेला दोरा बोटांनी ओढून काढला. महिन्याभरात ही बाही ती तिसऱ्यांदा सैल करत होती. पहिल्यांदा अर्धा इंच सोडला, मग पाऊण. आता आत दाबलेलं कापडच उरलं नव्हतं, म्हणून तिनं कपाटातून त्याच रंगाची चिंधी शोधून काढली आणि जोड द्यायला घेतली. सानगडीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज तिच्या हातचे होते. कुणाच्या दंडाला किती जागा सोडायची, हे तिला टेप न लावता कळायचं. स्वतःच्या दंडाचा मात्र तिला अंदाज येईनासा झाला होता.

जीवन दारात उभा राहून बघत होता. साकोलीच्या एका हायस्कूलच्या प्रयोगशाळेत तो परिचर होता. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी लागलेला, आणि अजून त्याच कपाटांच्या किल्ल्या सांभाळणारा. बाही काहून उसवून राहिली, असं त्यानं विचारलं. धुतल्यावर कापड आटलं, असं ती म्हणाली. त्यानं मान हलवली. एकच बाही कशी आटते, हे त्यानं विचारलं नाही.

सूज बोटांपासून सुरू झाली होती. आधी अंगठी रुतली, मग मनगटाचं हाड दिसेनासं झालं, मग कोपर आणि दंड यांच्यामधली खोबण भरून आली. कातडी ताणून चकचकीत झाली होती. झोपताना ती हात उशीवर ठेवायची आणि सकाळी तो दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा उजव्या हातानं उचलून खाली घ्यायची. तीन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. तेव्हापासून सोमवार आणि गुरुवार भंडाऱ्याला डायलिसिस. याच डाव्या हाताच्या कोपरात डॉक्टरांनी धमनी आणि शीर एकमेकींना जोडून फिस्टुला केला होता. डायलिसिसच्या दोन्ही सुया त्यातच जायच्या. त्यावर तळवा ठेवला की चालू शिवणयंत्राच्या फळीवर हात ठेवल्यासारखी थरथर लागायची. ती थरथर आहे तोवर आपण आहोत, एवढं रत्नमालाला ठाऊक होतं.

त्या गुरुवारी डायलिसिसचं मशीन चार वेळा ओरडलं. टीना सिस्टरनं चारही वेळा येऊन बटण दाबलं, नळ्या तपासल्या, सुई किंचित फिरवली. रक्त हातातून बाहेर येत होतं, पण परत आत जाताना कुठंतरी अडत होतं. सुया काढल्यावर नेहमीची दहा मिनिटं दाबून धरलं तरी रक्त थांबेना. वीस मिनिटं झाली, तीस झाली. जीवननं कापसाचा बोळा दाबून धरला होता आणि त्याच्या बोटांच्या फटींतून रक्त पुन्हा पुन्हा वर येत होतं. चाळीस मिनिटांनी ते थांबलं तेव्हा टीना सिस्टरनं खाटेचा पडदा ओढला आणि रत्नमालाला ब्लाउजचे हुक काढायला सांगितले.

डाव्या खांद्यावर आणि छातीवर निळ्या शिरांचं जाळं उमटलं होतं. काही शिरा करंगळीएवढ्या जाड होत्या. रत्नमालानं मान दुसरीकडे वळवली. म्हणजे तिनं त्या आधीच पाहिल्या होत्या.

टीना सिस्टर स्वतः धान पिकवणाऱ्या घरातली. ती जीवनला म्हणाली, बोडीच्या तळ्यातून निघालेला पाट पुढं कुठं बुजला तर पाणी मागं तुंबतं आणि धानाच्या बांध्या फोडून वाट काढतं, तसं झालं आहे. हातातलं रक्त छातीत नेणारी मोठी शीर गळ्याच्या हाडाखाली अरुंद झाली असणार. मग तिनं विचारलं, फिस्टुला करायच्या आधी मानेत नळी होती ती कोणत्या बाजूला?

डाव्या, असं रत्नमाला म्हणाली.

किती दिवस होती?

“होती थोडे दिवस,” रत्नमाला म्हणाली आणि हुक लावू लागली. एका हातानं ते लागत नव्हते. जीवन खिडकीकडे बघत होता.

नळी जितकी जास्त दिवस राहते तितकी ती शिरेला आतून घासते, असं टीना सिस्टर सांगत होती. नळी निघाल्यावरही आतला व्रण आवळत राहतो आणि वर्ष-दोन वर्षांनी असा हात सुजतो. नागपूरला जाऊन तारेवरून फुगा सरकवून शीर मोकळी करता येते. पण उशीर करू नका, पूर्ण बुजली तर तार जाणार नाही.

शेजारच्या खाटेवर मोहाडीचे बाबुलाल होते. तहसील कार्यालयासमोर बसून लोकांचे अर्ज लिहिण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांनी हे सगळं ऐकलं होतं. पडदा सरकल्यावर त्यांनी अंगावरची चादर थोडी बाजूला करून मांडीच्या वरच्या बाजूला टाचलेली नळी दाखवली.

“जागा मोजक्याच रायतात, बाई,” ते म्हणाले. “दोन माना, दोन जांघा. मी तिसऱ्या जागेवर आहो.”

एखाद्यानं बसचे थांबे सांगावेत तसं त्यांनी ते सांगितलं आणि चादर पुन्हा ओढून घेतली.

तेवढ्यात तृप्ती आली. ती भंडाऱ्यातच नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि गुरुवारी ड्यूटी संपली की आईला भेटायला यायची. एरवी संध्याकाळ व्हायची. आज वॉर्डातून लवकर सुटका झाली होती. पांढऱ्या गणवेशातच तिनं आईचा हात हातात घेतला आणि अंगठ्यानं दाबला. अंगठा काढल्यावर तिथं खड्डा राहिला. तो भरून यायची वाट बघत ती काही क्षण उभी राहिली. तो भरला नाही. मग ती आईला रागावली. इतके दिवस कायले लपवलं, एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती. बाबांना तिनं काही विचारलं नाही. बाबांनी काही लपवलं असेल हे तिच्या मनात येण्यासारखं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ते तिघं नागपूरला गेले. भंडाऱ्यापासूनचा तो तासा-दीड तासाचा रस्ता जीवननं खिडकीला डोकं टेकून काढला. त्याला मानेतल्या नळीचे दिवस आठवत होते.

शाळेत दरवर्षी विज्ञान प्रदर्शन भरायचं, त्यात जीवनचं एक टेबल असायचं. लिंबू कापलं की रक्त निघतं, ते कसं, आधी सुरीला काय लावलेलं असतं, हे तो पोरांना करून दाखवायचा. पौर्णिमेला विहारात लोक जमले की तिथंही दाखवायचा. भोंदू वैद्य, अंगात येणं, उतारे, सगळ्यावर तो बोलायचा. बाबासाहेबांनी आपल्याला यातून बाहेर काढलं, पुन्हा आत जाऊ नका, असं म्हणायचा. लिंबाची ताटली धरून शेजारी उभी असायची ती तृप्ती. सात-आठ वर्षांची होती तेव्हापासून. आपण नर्स का व्हायचं ठरवलं हे कॉलेजच्या मुलाखतीत विचारलं, तेव्हा तिनं त्या टेबलाबद्दल सांगितलं होतं.

आणि त्याच माणसाला, रत्नमालाच्या मानेत नळी पडली तेव्हा, कुणीतरी सांगितलं की फिस्टुलासाठी हात एकदा कापला की बाई जन्मभर मशीनवर गेली. नळी आहे तोवर आशा आहे. गडचिरोलीकडच्या जंगलात एक जण साली-मुळ्या देतो, दोन महिन्यांत किडनी जागी होते. जीवन एका रविवारी कुणाला न सांगता गेला आणि पुडकं घेऊन आला. मशीन सोडायचं नाही, इतकं भान त्याला होतं. पण फिस्टुलाची तारीख तो पुढं ढकलत राहिला. डॉक्टरांना दर वेळी पुढच्या महिन्यात म्हणायचा. रत्नमाला सकाळी तो काढा डोळे मिटून प्यायची. पहिल्याच महिन्यात एकदा ती म्हणाली होती की डॉक्टर म्हणतात तर हात करून घेऊ. आखीन एक महिना पाहू, असं तो म्हणाला होता. त्यानंतर तिनं विषय काढला नाही. असे दहा महिने गेले. नळीत जंतू होऊन ती थंडीनं तासभर थडथडली, बेशुद्ध झाली, तेव्हा कुठं नळी निघाली आणि हात झाला. तृप्ती तेव्हा बारावीला वसतिगृहात होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं. पुडक्यांचे कागद जीवननं चुलीत घातले होते.

नागपूरच्या डॉक्टरांनी हात पाहिला, खांद्यावरच्या शिरा पाहिल्या आणि तोच प्रश्न विचारला. नळी किती दिवस होती? जीवननं तोंड उघडलं होतं.

“चार महिने,” रत्नमाला म्हणाली.

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. जीवननं तोंड मिटलं.

आत तिला भूल दिली नव्हती, फक्त जागा बधिर केली होती. फुगा फुगवला तेव्हा खांद्यात कुणी पहार घालून फिरवल्यासारखं झालं, असं तिनं नंतर सांगितलं. पण तार गेली, शीर उघडली. डॉक्टरांनी तृप्तीचं शिक्षण विचारून तिला पडद्यावरचं चित्र दाखवायला आत बोलावलं. काळा प्रवाह दंडातून येत होता आणि गळ्याच्या हाडाशी येऊन दोऱ्याएवढा होत होता. फुग्यानंतरच्या चित्रात तो रुंद दिसत होता. हे चार महिन्यांचं नुकसान वाटत नाही, असं डॉक्टर सहज बोलून गेले. पुन्हा आवळू शकतं, लक्ष ठेवा, असंही म्हणाले.

तृप्ती बाहेर आली आणि बाकावर बसून तिनं फाइल उघडली. अगदी तळाशी जुने कागद होते. नळी टाकल्याची तारीख एका कागदावर, काढल्याची दुसऱ्यावर. तिनं बोटांवर महिने मोजले, मग पुन्हा मोजले. फाइल घेऊनच ती आईच्या खाटेजवळ गेली.

जीवन अर्धा कप चहा घेऊन येत होता. रत्नमालाला दिवसभरात पाणी, चहा, सगळं मिळून मोजकंच चालायचं. पडद्याबाहेर त्याला लेकीचा आवाज ऐकू आला आणि तो थांबला.

“दहा महिने होती, आई. कागदावर हाये. काहून?”

रत्नमालानं उजव्या हातानं फाइल मिटली.

“मीच नाई म्हनत होती,” ती म्हणाली. “हात कापाचं भेव वाटे मले. तुझे बाबा रोज म्हनत, करून घे, करून घे. मी आयकलं नाई.”

जीवन पडदा बाजूला करून आत आला. तृप्तीचे डोळे भरले होते.

“तुमी ओरडाचं होतं न तिच्यावर, बाबा.”

“तिनं आयकलं नसतं,” जीवन म्हणाला.

हे वाक्य त्याच्या तोंडून इतक्या सहज निघालं की कप हातात तसाच धरून तो त्या वाक्याकडे बघत राहिला. रत्नमालानं डोळे मिटून घेतले. चहावर साय धरली, तिनं तो घेतला नाही.

आठ दिवसांत हात उतरला. मनगटाचं हाड वर आलं, अंगठी पुन्हा बोटात गेली. रत्नमाला परत मशीनवर बसली आणि लग्नसराईचे ब्लाउज शिवू लागली. टीना सिस्टरच्या मशीनचं ओरडणं थांबलं. शेजारच्या मालनबाई आणि गल्लीतल्या इतर बायका जीवनचं उदाहरण देत. तिला न सोसणारे क्षार निघून जावेत म्हणून तो पालेभाजी चिरून दोनदा पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यायचा, तिची गोळी चुकू द्यायचा नाही, सोमवार-गुरुवारी शाळेतून बिनपगारी सुट्टी घ्यायचा. असा माणूस मिळायला नशीब लागतं, असं मालनबाई म्हणायच्या. हे खोटं नव्हतं.

तृप्तीचा फोन रोज संध्याकाळी यायचा. पाणी किती प्यायलीस, केळं खाल्लं नाही ना, थरथर लागते ना. तिच्या आवाजात आता एक कडकपणा आला होता. आईनं एखाद्या गोष्टीला मागंपुढं केलं की ती म्हणायची, तेव्हा ऐकलं असतंस तर ही वेळ आली नसती. रत्नमाला हो म्हणायची. फोन तिच्या मांडीवर पालथा असायचा, आवाज खोलीभर ऐकू यायचा, आणि जीवन भाजी चिरत असायचा. शेवटी तृप्ती बाबांना फोन द्यायला सांगायची. त्यांच्याशी बोलताना तिचा आवाज मऊ व्हायचा. तुमी जेवले का, तुमाले झोप येते का, असं ती विचारायची.

एका दुपारी त्यानं रत्नमालाला विचारलं, तिले खरं सांगू का?

कायले, असं म्हणून तिनं पायानं मशीन चालू केलं. शिवण संपेपर्यंत तो उभा होता. शिवण संपली आणि तिनं दुसरी सुरू केली.

चार महिन्यांनी एका सकाळी त्याला ती एका हातानं वेणी घालताना दिसली. वेणीचं टोक तिनं दातांत धरलं होतं. दोघांची नजर भेटली. त्या वेळी दोघांनीही काही लपवलं नाही, कारण तिच्या डाव्या डोळ्याची पापणीही सुजलेली होती. त्याच आठवड्यात नागपूरला जाऊन दुसऱ्यांदा फुगा घातला. दुसऱ्या फुग्यानं सहा आठवडे काढले. त्या सहा आठवड्यांत जीवन रोज सकाळी उठून आधी तिच्या हाताकडे बघायचा. तिच्या झोपलेल्या तोंडाकडे बघण्याचं त्याला धाडस व्हायचं नाही. सातव्या आठवड्यात अंगठी काढायला साबण लागला. भंडाऱ्यात मशीन पुन्हा ओरडू लागलं. बाबुलालांची खाट आता खिडकीजवळ हलवली होती; ते झोपूनच असायचे, पण तिच्या हाताकडे बघून त्यांनी एकदा जागा मोजल्यासारखी हाताची चार बोटं वर केली आणि एक मिटलं.

तिसऱ्या वेळी तार गेली नाही. आत दोन तास लागले. जीवन आणि तृप्ती बाकावर शेजारी बसले होते, तिचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं. दार उघडलं तेव्हा डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून दोघांनाही कळलं.

थोड्या वेळानं रत्नमालाला खाटेवर आणल्यावर डॉक्टर तिथंच उभे राहून बोलले. डाव्या बाजूची वाट पूर्ण बंद झाली होती. आता फिस्टुला बांधून टाकावा लागेल. हाताची सूज उतरेल, पण त्या हातात पुन्हा सुई जाणार नाही. उजव्या हातात नवा फिस्टुला करू. तो तयार व्हायला दीड-दोन महिने. तोवर मानेच्या उजव्या बाजूला नळी.

“उजवी बाजू ही एकच चांगली बाजू उरली आहे,” डॉक्टर म्हणाले. “ही नळी दोन महिन्यांच्या वर एक दिवससुद्धा राहता कामा नये. मागच्या वेळी काय झालं? कागदांवर दहा महिने दिसतात. आमच्याकडे चार लिहिलेत.”

“आईनं नकार दिला होता,” तृप्ती म्हणाली. “घाबरली होती. या वेळी तिचं काही चालणार नाही, सर. सही मी करते.”

रत्नमाला मान डोलावत होती. बरोबर आहे, माझंच चुकलं, असं त्या डोलावण्यात होतं. तिनं ते इतकं नेमकं केलं, की जीवनला ते बघवलं नाही.

“तिनं नाई,” तो म्हणाला. “मी.”

डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं. रत्नमालानं उजव्या हातानं त्याच्या शर्टाची बाही धरली. त्यानं ती सोडवली नाही, पण थांबलाही नाही. त्यानं जंगलातल्या त्या माणसाचं सांगितलं, पुडक्यांचं सांगितलं, दर महिन्याला पुढच्या महिन्याची तारीख कशी दिली ते सांगितलं. ती पहिल्याच महिन्यात हात करायला तयार होती, हेही सांगितलं. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. त्याला वाटलं होतं की बराच वेळ लागेल.

डॉक्टरांनी कागदावरचा चारचा आकडा खोडून तिथं दहा लिहिलं.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “आता उशीर नको. संमतीचा कागद द्या लवकर.” आणि ते पुढच्या खाटेकडे गेले.

तृप्तीनं खिशातून पेन काढलं, कागद फाइलवर ठेवून सही केली, नात्याच्या रकान्यात मुलगी असं लिहिलं आणि तो द्यायला निघून गेली. जाताना तिनं बाबांकडे बघितलं नाही. रागानं मान वळवली असंही नव्हतं. वाटेत खांब असावा तशी ती त्याला वळसा घालून गेली.

जीवन स्टुलावर बसला. खूप दिवसांनी श्वास पोटापर्यंत गेल्यासारखं त्याला वाटलं. आपण हे फार आधी करायला हवं होतं, असं त्याला वाटलं. त्यानं रत्नमालाचा सुजलेला हात मांडीवर घेतला. कोपरात ती थरथर अजून चालू होती. उद्या ती बांधायची होती.

“कायले सांगतलं?” रत्नमालानं विचारलं.

“किती दिवस तुह्यावर ठेवू? रोज बोलून राहिली ते तुले.”

“बोलू द्याचं होतं.” ती छताकडे बघत होती. बोलायला तिला दम लागत होता, ती मधे थांबत होती. “माह्यावरचा राग माह्यासंगं गेला असता.”

जीवननं तिच्याकडे बघितलं.

“तुमी राहान मागं,” ती म्हणाली. “तिले येवाले एक घर पाहिजे होतं.”

तो हात तसाच मांडीवर धरून बसला. नागपूरच्या त्या पहिल्या खेपेला, डॉक्टरांनी विचारल्याबरोबर, त्याच्या आधी घाईनं तिनं चार महिने म्हटलं होतं. फोन पालथा ठेवून ती लेकीचं सगळं बोलणं ऐकत होती. खरं सांगू का म्हटल्यावर तिनं मशीन चालू केलं होतं. ती आपल्याला वाचवते आहे असं त्याला वाटत आलं होतं आणि त्याची त्याला लाज वाटत होती. ती आपल्यासाठी काही करतच नव्हती, हे त्याला आत्ता कळत होतं. ती घर शाकारत होती, स्वतः नसल्यावरचं. आणि ते छप्पर त्यानं दोन मिनिटांत उतरवून ठेवलं होतं.

स्ट्रेचर आलं. रत्नमालाला सरकवताना त्यानं तिचं डोकं धरलं. तिच्या उजव्या मानेवर कुणीतरी निळ्या पेननं खूण केली होती. दारापाशी स्ट्रेचर वळलं तेव्हा तिनं हात थोडा उचलल्यासारखं त्याला वाटलं, पण तो सुजलेला हात होता, तो उचलला गेला की नुसता हलला हे कळलं नाही.

तासाभरानं तिला वॉर्डात परत आणलं. मानेच्या उजव्या बाजूला पांढऱ्या पट्टीखालून नळीची दोन टोकं बाहेर आली होती, एक लाल झाकणाचं, एक निळ्या. ती झोपेत होती. पाठोपाठ तृप्ती आली. तिनं तोंड धुतलं होतं, केस पुन्हा घट्ट बांधले होते. आज ती गणवेशात नव्हती, तरी तिनं खाटेच्या पायथ्याशी उभं राहून आधी सलाइन पाहिलं, मग पट्टी, मग नाडी. तिनं आईच्या कपाळावर तळवा ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग ती जीवनकडे वळली.

“पेशंटला दोन तास उठवू नका,” ती म्हणाली. शब्द स्वच्छ होते, पुस्तकातल्यासारखे, वॉर्डात कुणाच्याही नातेवाइकाशी बोलावं तसे. “ड्रेसिंग ओलं दिसलं तर लगेच सांगायचं. तुम्ही इथंच थांबणार आहात ना?”

जीवन स्टुलावरून उठून उभा राहिला.

“हो जी,” तो म्हणाला.